कुंपणापलीकडची रासबेरी

अल्लाच्या नावाने सुरुवात करून मी, अजीज वल्द पीरमहंमद कागदी, वय वर्षे वीस पुरी, धंदा कागद करणे, राहणार जुन्नर, कागदी आळी, असे लिहून ठेवतो की माझी प्रकृती धडधाकट असून अक्कल ठिकाणावर आहे. राग आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट माझी फुफी, म्हणजे आत्या, सकाळपासून म्हणते आहे, "आता पुरे कर बाबा, दौत कोरडी पडेल."

कारण असे की परवा मी फुफी हाजराबी हिला घेऊन हजला निघतो. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून फुफीनेच मला वाढवले. बाईमाणसाबरोबर जवळच्या नात्यातला पुरुष लागतो. अब्बा गेल्या साली वारले, तेव्हा तो पुरुष मी. वाटेत दरिया आहे, वाळवंट आहे, बोटीत पटकी होते असेही ऐकतो. म्हणून जाणाऱ्याने मृत्युपत्र करावे, आणि ज्याचे ज्याचे मन दुखवले असेल त्याच्या दारात जाऊन माफी मागावी, अशी आमच्यात रीत आहे. मृत्युपत्र हे आहे. माफ्या मागून झाल्या, एक सोडून. त्या एकीचे कलम पुढे येईल.

मला आत्ता जायचे नव्हते हेही लिहितो. हजला नको म्हणणारा मी कोण. पण पाच महिने घराचे परसू मोकळे टाकून जायचे, आणि परसाच्या कुंपणापलीकडे कासम बागवान राहतो.

कलम १. घर, लगद्याचा हौद, साचे, यांतले तीनपैकी दोन हिस्से शरियतीप्रमाणे वारसाचे, म्हणजे कळंबच्या चुलत्यांचे. तिसऱ्या हिश्शापुरतेच मला बोलता येते. फुफी परत आली आणि मी आलो नाही, तर मागची खोली व परसू तिच्या हयातीपर्यंत तिचे. चुलत्यांनी तिला "कधी जाणार" असे विचारू नये.

कलम २. माझा कॉलेजचा काळा कोट चुलत्यांनाच द्यावा. मी पुण्याहून शिक्षण टाकून आलो तेव्हा चार माणसांत ते म्हणाले होते, "पोरानं कॉलेजातून काय आणलं? तर तीन काठ्या!" कोट घातला म्हणजे काठ्यांखेरीज आणखीही काही आणले होते हे त्यांना दिसेल.

कलम ३. अब्बांचा कागद घोटून गुळगुळीत करायचा दगड ताहेराला द्यावा. ताहेरा ही आमच्या आळीतल्या चांदबींची मुलगी. मायलेकी आमच्याकडे कागद घोटायला येतात. शंभर ताव एकावर एक ठेवा, तिने घोटलेला मी डोळे मिटून काढून देईन. बोट फिरवले की मध्ये कुठे अडत नाही. हा कागद तिनेच घोटलेला आहे. असला मजकूर यावर लिहायची मला लाज वाटते, पण दुसरा चांगला कागद घरात नाही.

कलम ४. पुण्यात माझ्या खोलीत एक वकिलीचा विद्यार्थी राहत असे. तो सांगे की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हा कायदा आम्हा मुसलमानांना लागू आहे की नाही हे तो सांगणार होता, तेवढ्यात मी कॉलेज सोडले. मी तो लागू धरतो. खाली पहिला साक्षीदार मुद्दाम नेमला आहे.

कलम ५. रासबेरी.

सन १९०४ च्या मे महिन्यात मी एका सोबत्याच्या घरच्यांबरोबर महाबळेश्वरला गेलो. तिथे हे फळ पहिल्यांदा खाल्ले. आधी तांबडे, मग काळसर जांभळे. तोडले की देठाशी पोकळ निघते, बोटाच्या टोकावर टोपीसारखे बसते. पहिले फळ बोटावर घातले तेव्हा मला जे बोट आठवले ते माझे नव्हते. तीन काठ्या मागून घेतल्या, मुळ्या ओल्या लगद्यात गुंडाळल्या आणि जुन्नरला आणून परसात लावल्या. कागद्याच्या मुलाला मुळ्या ओल्या ठेवायची अक्कल असते. पाणी कसले घालावे याची नसते. हौदाचे पाणी रोज परसात वाहून जाते, तेच फुफीला घालायला सांगून मी पुण्याला गेलो. आमच्या लगद्यात चुना असतो. चार पिढ्या आमच्या परसात काही उगवले नाही, आणि चार पिढ्या आम्ही जमिनीलाच दोष देत आलो.

दिवाळीच्या सुटीत आलो तर पाने पिवळी. ताहेराने एक पान खुडून माझ्या हातावर ठेवले.

"अजीजभाई, बघा. शिरा तेवढ्या हिरव्या न् मधलं सगळं पिवळं. चुना पाजताय व्हय झाडाला? विड्याचं पान हाय का त्ये?"

तिथून तिने विहिरीचे पाणी घातले. दोन काठ्या गेल्या, एक जगली. महाळुंगे पडवळचा जानकू धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन आमच्या शिवारात उतरतो. त्याने लेंडीखत आणून टाकले. टाकताना म्हणाला, "राव, कॉलेजात जाऊन काटं लावायला शिकलासा? डोंगरात असली फळं लई. आमची मेंढरं फुकट खात्यात." तरी खत दोन पाट्या जास्तच टाकले.

पुढल्या पावसाळ्यात झाड कुंपणाच्या वर गेले. मी पुण्यात. या फेब्रुवारीत फुफीने पत्र लिहवून घेतले, त्यात दोन बातम्या एका ओळीत होत्या : तुझ्या झाडाला सात फळे धरली, आणि कासमच्या घरून ताहेराला मागणी आली. मी वर्गातून उठलो. प्रोफेसरांनी विचारले, "कोठे?" मी म्हणालो, "जुन्नरला." तेव्हापासून कॉलेज तिकडे आणि मी इकडे.

घरी येऊन पाय न धुता सातही फळे तोडली, कोऱ्या तावावर घेतली आणि चांदबींच्या दाराशी गेलो. बेत असा होता की टोप्या तिच्या बोटांवर घालायच्या. तिने हात पुढे केला. बोटांची टोके आधीच जांभळी होती.

"कासमनं दिली," ती म्हणाली. "ओंजळभर व्हती. कुंपणापलीकडं तुमचीच फांदी रुजली की. तुमाला ठाव न्हाई?"

मला ठाव नव्हते. मी तडक कुंपणाशी गेलो. कासम तिथे शीळ घालीत पाणी देत होता.

"फांदी माझ्याकडं वाकली," तो म्हणाला. "शेंडा मातीला टेकला, मी वरनं पसाभर माती टाकली. ह्यात माझा काय गुन्हा, राव?"

"झाड माझे आहे."

"मूळ माझ्या मातीत हाय."

"मागणीही अशीच घातलीस काय?"

यावर त्याचे पाणी झाड सोडून स्वतःच्या पायावर पडले. एवढेच मला त्या दिवशी साधले.

मग मी ताहेराला सांगितले की काय ते एकाचे धर, त्याचे नाहीतर माझे. ती म्हणाली, "मी काय कुंपणावरची फांदी हाय, जिकडं वाकली तिकडची?" माझ्या सातांपैकी तिने चार खाल्ली, तीन आईला ठेवली. गोड कोणती, मी विचारले. म्हणाली, "एकाच झाडाची की." दुसऱ्या दिवशी फुफीने माझीही मागणी घातली. चांदबी म्हणाल्या, मुलगी म्हणेल तसे.

कलम ६. कासमबद्दल माझ्या तक्रारी, नोंद राहावी म्हणून. येडगावला कुकडीकाठी त्याच्या बापाने फळबाग खंडाने घेतली आहे, तिथली पेरूची पाटी तो दर रविवारी चांदबींच्या दारावरून बाजाराला नेतो. जवळचा रस्ता दुसरीकडून आहे. त्याच्या हाताने खुंट खोचला तरी त्याला पाने फुटतात आणि तो म्हणतो, "मी काय केलं? मातीनं केलं." असली नम्रता मला सहन होत नाही. ताहेरा मला अजीजभाई म्हणते. त्याला ती काहीच म्हणत नाही, नुसती बोलायला लागते. भाई म्हणण्यापेक्षा काहीच न म्हणणे जास्त धोक्याचे, हे कोणाही शहाण्याला कळेल.

सबब कासमला या मृत्युपत्रातून काहीही मिळू नये.

कलम ७. माफीचे. हे कलम चौथ्यांदा लिहितो आहे. आधीचे तीन ताव लगद्यात गेले.

या जुलैत भर दुपारी, कासम येडगावला गेला असता, मी हौदातले चुन्याचे पाणी तीन बादल्या कुंपणावरून त्याच्या रासबेरीच्या मुळाशी ओतले. मला कोणी पाहिले नाही. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली. कासम बिचारा (हा शब्द माझ्या हातून गेला, खोडत नाही) पाने उलटीपालटी करून कीड शोधीत बसे. त्याच्या आईने ताहेराला बोलावून दाखवले. ताहेराने एक पान खुडले, कोणाला काही बोलली नाही, आमच्या परसात आली आणि ते पान माझ्या हातावर ठेवले.

"ही पानं मी ओळखते," ती म्हणाली. या वेळी अजीजभाईसुद्धा म्हणाली नाही, आणि मला ते हवे होते तसे लागले नाही.

जमिनीचा उतार माझ्याकडे आहे. चुना मुरत मुरत कुंपणाखालून माझ्याही झाडाला आला. कासमचे झाड ईदेच्या आधी वाळले. माझ्या झाडाच्या दोन काठ्या हिरव्या उरल्या आहेत. पाणी कुठून कुठे जाते हे कागद्याच्या पोराला कळू नये!

चांदबींनी ईदेला फुफीला सांगितले आहे की दोन्ही मागण्यांचे उत्तर तुम्ही हजहून आल्यावर. आणि परवा विहिरीवर ताहेरा बोलली, चार महिन्यांत पहिल्यांदा : "सगळ्यांची माफी मागून जा. एक दार जरी सोडलंत, तर परत आल्यावर आमच्या दाराशी येऊ नका."

मी अठ्ठावीस दारे केली. ज्या वाण्याला मी लहानपणी दगड मारला होता त्याचेही केले. कासमचे दार माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. तीन वेळा निघालो. एकदा तो शीळ घालीत होता, एकदा त्याच्या हातात पेरूची पाटी होती, एकदा काहीच कारण नव्हते. म्हणून त्याला साक्षीदार केले आहे. सही करायची तर वाचावे लागेल, आणि वाचले म्हणजे मी सांगितल्यासारखेच झाले. शिवाय कलम ४ प्रमाणे त्याला काही मिळणार नाही. एका दगडात दोन्ही कामे.

कलम ८. उरलेल्या दोन काठ्यांना जानकूने विहिरीचेच पाणी घालावे. तो शिमग्यापर्यंत इथे आहे. ज्या काठीने एकदा फळ दिले ती वाळते, ती मुळाशी कापावी. नवी हिरवी काठी फळली नाही म्हणून कापू नये, ती पुढल्या सालची आहे. फाल्गुनात फळे आली तर सर्व ताहेराला. एकही कुंपणापलीकडे जाऊ नये. शेंडे कुंपणाच्या आतल्या बाजूस बांधून ठेवावेत.

मुक्काम जुन्नर, रविवार, तारीख २ डिसेंबर १९०६, शव्वालची पंधरावी.
सही : अजीज पीरमहंमद कागदी, दस्तुरखुद्द

~~साक्षीदार पहिला : मी कासम बागवान, मराठी चौथी. सगळं वाचलं. लई लांब लिवलंय. चुन्याचं मला जुलैतच कळलं व्हतं, मातीवर पांढरं दिसत व्हतं. किडा शोधत बसलो ते आईला कळू नये म्हणून. तिला कळलं असतं तर तुझ्या फुफीशी भांडली असती. पानं पिवळी पडली त्याच आठवड्यात एक शेंडा फुटक्या माठात रुजवून येडगावला ठेवला. जोमात हाय. दोन हात उंच झालाय. तुझा हाय का माझा, ठाव न्हाई. पण राव, कागदावर माफी कसली मागतो? चाळीस पावलं हायत. ये की. सही, कासम~~

जोडकलम. सोमवार, ३ डिसेंबर.

चाळीस नाहीत, बेचाळीस आहेत. जाऊन आलो. दारात काय बोलणे झाले ते लिहिणार नाही. त्याच्या आईने शिरखुर्मा दिला आणि तो चांगला होता, याचाही मला राग आला. परतताना त्याच्या परसातून चांदबींची खिडकी सरळ दिसते हे ध्यानात आले. कलम ६ मधल्या तक्रारी कायम.

मात्र त्याच कलमातले "कासमला काहीही मिळू नये" हे वाक्य रद्द. माठातले रोप तो माझ्या मागे सांभाळील. त्याला फळ आले तर पहिली सात ताहेराची. आठवे कासमने खावे. आठव्याच्या पुढचे मी परत आल्यावर बघू.

आता त्याला फळ मिळणार, म्हणजे कलम ४ प्रमाणे तो साक्षीदार राहू शकत नाही. वर त्याची साक्ष मी स्वतः खोडली आहे. त्याच्या जागी दोन साक्षीदार हवेत. एक जानकू. दुसऱ्यासाठी फुफीने शेजारी हाक मारली. जे कोणी आले त्यांना सर्व मजकूर वाचायला दिला आहे. खाली काय लिहावे हे मी सांगितलेले नाही.

सही : अजीज

साक्षीदार : जानकू धनगर, राहणार महाळुंगे पडवळ, यांच्या डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. म्हणाले, "एवढ्या काट्याच्या झाडापायी एवढा कागद? बरं हाय. पाणी घालतो."

साक्षीदार : मी ताहेरा, चांदबीची मुलगी, मराठी तिसरी पास. दोनदा वाचलं. साक्षीदाराला यातलं काही मिळत न्हाई असं चौथ्या कलमात लिहिलंय, म्हणूनच सही करते. दगड नको, सात फळं नकोत. फळ खाईन ते देणारा समोर उभा असला तर. हे उत्तर धरू नये. उत्तर परत आल्यावर.

सही : ताहेरा