तुझ्या वहीतली रिकामी घरं

प्रिय सुमन,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितोय, कारण नाताळच्या सुट्टीत आपली नात आयनो फिनलंडहून डोंबिवलीला येतेय. परवा फोनवर तिने विचारलं, "आजी कशी होती?" तेही फिनिशमध्ये! आपला संजय मराठी करून सांगायला लागला. मी म्हटलं, "थांब रे, कळलं मला!"

प्रश्न कळला गं. उत्तराला म्हटलं, "तू आलीस की सांगेन."

नातीशी बोलता यावं म्हणून तू फिनिशची वही घातलीस, तेव्हा किती हसलो होतो मी! "या वयात क्रियापदं पाठ करणार?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही म्हणा तुमच्या शाळेतल्या कविता." लागलं होतं का गं?

आता तीच वही घेऊन रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारतो. 'मिनॅ तुन्नेन, सिनॅ तुन्नेत, हॅन तुन्ते...' ओवीच्या चालीत झकास बसतं! खालच्या मजल्यावरची नीता म्हणाली, "काका, हे कुठलं स्तोत्र? मलापण लिहून द्या ना!" म्हटलं, "फार थंड मुलखातलं आहे, बाधेल तुला."

क्रियापदाच्या तक्त्यात 'मी'पासून 'ती'पर्यंत तुझी शाई. 'आम्ही'पासून घरं रिकामी. ती मी भरली, पेन्सिलीने. तुझं अक्षर वेगळं दिसायला हवं ना!

पण खालची उदाहरणं वाचली आणि फेऱ्या थांबल्याच. 'तिएदॅन', म्हणजे माहीत आहे. पुढे तुझं वाक्य: 'दूध उतू गेलं, हे मला माहीत आहे.' 'तुन्नेन', म्हणजे ओळखते. मनाला जाणवतं, तेसुद्धा. पुढे: 'मी ह्यांना ओळखते. कबूल करणार नाहीत.'

अगं! ओटा पुसला होता, पातेलं घासून पालथं घातलं होतं मी! तरी कळलं? आणि बोलली नाहीस? घे, आज कबूल. खिडकीशी कविता म्हणत उभा होतो.

आयनोला हेच सांगणार आहे, मध्ये दुभाष्या न घेता. चार वाक्यं जुळवलीत. दोन चुकतील, चुकू देत. आजी कशी होती, ते तिला बरोबर कळेल.

ती आली की दूध मीच तापवणार. उतू गेलं, तर या वेळी पातेलं लपवणार नाही. तिला हाक मारून दाखवीन आणि तिच्याच भाषेत कबूल करीन. शब्द दिला!

तुझेच,
'हे'