न फिरणारा आणि न थांबणारा पंखा

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
वाहन तपासणी कार्यालय,
चेन्नई.

अर्जदार : हेमावतीबाई, कै. बालाजीराव यांची पत्नी, राहणार आवडी.

विषय : गाडीतला विजेचा पंखा काढणार नाही, याबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा दि. ३ ऑक्टोबर २०२५ चा तपासणी कागद, शेरा एक व शेरा दोन.

महोदय,

१. अर्जदार एकाहत्तर वर्षांची असून तिसरी यत्ता शिकलेली आहे. अर्ज लिहायला ती नवऱ्याशेजारी बसून शिकली. बालाजीराव हेडक्लार्क होते आणि अर्ध्या गल्लीचे अर्ज त्यांच्या हातचे. अर्जात मी-मी करू नये, अर्जदार म्हणावे, हा त्यांचा नियम ती पाळते. आपण कोल्हापूरकडचे असे आपल्या कार्यालयाच्या शिपायाने सांगितले, म्हणून हा कागद मराठीत. आमची मराठी तंजावरची, थोडी जुनी. पण समजली नाही असे म्हणून बाजूला ठेवण्याइतकी जुनी नाही.

२. गाडी बालाजीरावांची, सन १९८९ ची, पांढरी. तिच्यातून अर्जदाराची जाऊ रत्नप्रभा दर मंगळवार, गुरुवार, शनिवार आवडीहून अण्णा नगरला डायलिसिसला जाते. गाडी नात हरिणी चालवते. रत्नप्रभेचे गुडघे वाकत नाहीत. नव्या ठेंगण्या गाड्यांत तिला घडी घालून बसवावे लागते, आणि रिक्षाच्या धक्क्यांनी परतताना तिला चक्कर येते. या गाडीची बैठक उंच आहे, तीत ती पाय लांब करून बसते. अर्जदाराचे आणि या जावेचे चाळीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालेले नाही. पण तिची जागा तिची आहे, ती कोणाच्या शेऱ्याने जाणार नाही.

३. गेल्या मे महिन्यात अण्णा नगरच्या वळणावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्न, वर ऊन. पाऊण तास रस्त्यात काढला. रत्नप्रभा घामाने निथळत म्हणाली, “मला या गाडीत मरायला हरकत नाही, पण तुझी बडबड ऐकत नको.” त्याच आठवड्यात अर्जदाराने मेकॅनिक पद्मनाभला घरी बोलावले.

४. पद्मनाभने समजावले ते अर्जदाराला पहिल्याच वेळी कळले. जुना पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन जोरात तर पंखा जोरात. सिग्नलला इंजिन मंद झाले की पंखाही मंद, म्हणजे वारा हवा तेव्हाच वारा नाही. विजेचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि तो कधी लावायचा हे थर्मोस्टॅट ठरवतो. पाणी ठरलेल्या अंशाला तापले की पंखा सुरू, निवले की बंद. जुना पंखा काढून पद्मनाभने विजेचा बसवला, तेव्हा पहिला थर्मोस्टॅट ऐंशी अंशांचा घातला होता. पंखा दिवसभर फिरला आणि बॅटरी बसली. अर्जदाराने तो काढायला लावून ब्याण्णवचा घालून घेतला. फ्यूज आहे, रिले आहे, तारा नळीतून नेल्या आहेत. तेव्हापासून गाडी एकदाही उकळलेली नाही.

५. आता अर्जदाराची चूक. ती लपवण्याची तिला सवय नाही. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा होते. पूर्वजांच्या तलवारी गेल्या; आता सुरी, कात्री, हरिणीचा संगणक आणि गाडी. यंदा घराला वाचवले पंख्याने, तेव्हा हार बॉनेटवर न घालता जाळीतून आत सोडून खुद्द पंख्यालाच घातला. दसरा झाल्यावर बाहेरचे हार उतरवले, आतला विसरला. तिसऱ्या तारखेला नोंदणी वाढवायला गाडी आणली, तेव्हा आपल्या आवारात ती रांगेत तासभर सुरू ठेवायला लावली. पाणी तापले, पंखा फिरायला गेला, मोगऱ्याच्या दोऱ्यात गुंडाळला आणि फ्यूज गेला. निरीक्षकांनी शेरा एक लिहिला : पंखा फिरत नाही. तेव्हापुरते ते खरे होते.

६. हरिणीने तिथेच दोरा कापला, नवा फ्यूज घातला, किल्ली फिरवली, पंखा फिरला. मग निरीक्षकांनी किल्ली काढायला सांगितली. पंखा फिरतच राहिला. राहणारच. चूल विझवली म्हणून पातेले लगेच गार होत नाही. इंजिन बंद केले तरी आतले पाणी तापलेलेच असते, आणि थर्मोस्टॅट ते निवेपर्यंत वारा घालतो. दोन-तीन मिनिटांत पंखा आपला आपण थांबला. पण तोवर निरीक्षकांनी शेरा दोन लिहून टाकला होता : पंखा थांबत नाही, आगीचा धोका. खाली हुकूम : पंधरा दिवसांत जुना पंखा बसवावा, नाहीतर गाडीची नोंदणी वाढणार नाही.

७. साहेब, एकाच कागदावर, एकाच सहीखाली, तोच पंखा फिरतही नाही आणि थांबतही नाही. निदान पहिला शेरा खोडा, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर निरीक्षक म्हणाले, “अम्मा, लिहिलं ते लिहिलं.” अर्जदाराने बालाजीरावांना लिहिलेले खोडताना अनेकदा पाहिले आहे. बाजूला छोटी सही करीत. त्यांचा हात झडला नाही.

८. तरी अर्जदार ही विनंती नव्हे, व्यवस्था कळवीत आहे. शनिवार, दि. ११ रोजी सकाळी नऊला आपण आवडीला यावे. मागच्या बैठकीवर मध्ये आपण, एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला रत्नप्रभा. अण्णा नगरपर्यंत प्रत्येक सिग्नलला पाण्याच्या तापमानाचा काटा पाहावा. तो लाल खुणेला गेला तर अर्जदार नंबरप्लेट स्वतः काढून आपल्या हातात देईल. नाही गेला तर दोन्ही शेरे आपण खोडावेत, बाजूला सही करून. जावेच्या बोलण्याची जबाबदारी अर्जदार घेत नाही.

९. आपण आला नाहीत तरी गाडी नऊला निघेल, आणि त्यानंतरच्या मंगळवारीही.

आपली नम्र, पण मागे न हटणारी,

हेमावतीबाई
(सही स्वतःच्या हातची)
आवडी, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) तपासणी कागदाची नक्कल.
२) हाराचा दोरा, वाळलेल्या फुलांसह, पुडीत.
३) जुना लोखंडी पंखा, चार पात्यांचा, एक नग. हुकुमात मागितला आहे तो हाच. टेबलावर मावला नाही म्हणून शिपायाच्या स्टुलाशेजारी ठेवला आहे. पोच द्यावी. परत नेला जाणार नाही.