काविळीची मुळी दिली नाही

केबिन रोड, भाईंदर

आई, पाया पडते. जेवतेस ना वेळेवर?

इथे आत्याच्या घरी तिच्यासमोर फोनवर बोलायला जमत नाही, म्हणून लिहितेय. पप्पांच्या मानेतली कॅन्सरची गाठ आता हाताला लागत पण नाही. फक्त केमोने त्यांच्या रक्तात लपून राहिलेली जुनी 'बी' कावीळ परत उठली, म्हणून केमो थांबवलेली.

तू पाठवलेली काविळीची मुळी मी दिली नाही. पप्पा ओरडले, "आईपेक्षा शहाणी झालीस?" मग मीच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मुळीने लिव्हर अजून बिघडेल. काविळीची रोजची गोळी चुकवू नका." रागावू नकोस हां.

कालचा लिव्हरचा रिपोर्ट चांगला आलाय. सोमवारी केमो परत चालू.

ही कावीळ रक्तातून पसरते, म्हणून घरातल्यांना पण असू शकते. तू आणि धाकटा रोहित रक्त तपासून घ्या. पप्पा हसत म्हणाले, "तुझी आई सुईला घाबरते. रोहितला तिचा हात धरायला सांग."

तुझीच,
पिंकी