पताकांची मागची बाजू

२ मार्च, सोमवार

रोजनिशी सुरू. रिटायर होऊन महिना झाला, पण खरेदी विभागात तीस वर्षं घासलेला मेंदू रिटायर होत नाही. संकल्प: पहाटे उठणे. कमी बोलणे. घरातली उधळपट्टी थांबवणे.

तिसऱ्याची संधी आजच चालून आली. बायको पंधरा तारखेला शिवणाचं दुकान उघडते आहे. इतकी वर्षं घराच्या मागच्या खोलीत मशीन चालवायची, आता चौकात गाळा घेतलाय. उद्घाटनाला तिची सगळी जुनी गिऱ्हाइकं, म्हणजे गावभरच्या बायका येणार. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, तोंड चालू, पाकीट उघडं) म्हणाला, डेकोरेशनवाल्याला सांगून टाकू. त्याने आकडा सांगितला आणि मला ठसका लागला. मी जाहीर केलं की सगळं डेकोरेशन मी करणार. घरी, हाताने, जवळपास फुकटात.

ही म्हणाली, तुम्ही फक्त बल्ब लावा. विनोदाने म्हणाली असावी.

३ मार्च, मंगळवार

पहाटे उठलो. (सव्वानऊ. पण ढगाळ होतं, म्हणजे पहाटच.)

प्लॅन तयार. त्रिकोणी पताका, प्रत्येकीवर एक अक्षर, सुतळीत ओवलेल्या. दोन लांब माळा. रंग घरगुती, खळ घरगुती, ठसे बटाट्याचे. बाजारातून आणायची फक्त सुतळी, आणि तीही शेजाऱ्यांकडे पडून आहे. काम गच्चीवरच्या खोलीत, कुलूप लावून. सरप्राइज.

मेहुण्याला फोन करून सांगितलं की याला प्लॅनिंग म्हणतात. तो हसला. हसू दे.

४ मार्च, बुधवार

खळ केली. पहिल्यांदा पातळ झाली, म्हणून पीठ घातलं. मग घट्ट झाली, म्हणून पाणी घातलं. असं करत करत बादलीभर झाली. स्टॉक असलेला बरा.

बिटाचा रस काढून लाल रंग केला. वाळल्यावर तपकिरी होतो. लेकीने डोकावून विचारलं, बाबा, काही सांडलं का. आजकालच्या मुलांना मातकट छटा कळत नाहीत.

५ मार्च, गुरुवार

ठसे कोरले. बटाट्यावर अक्षर सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात ठळकपणे दिलेली नाही. अकरा बटाटे बाद. ही म्हणाली, आज भाजीत बटाट्यावर अक्षरं दिसतायत. मी म्हटलं, वाचत वाचत खा.

जेवताना ही जरा गंभीर झाली. म्हणाली, इतकी वर्षं बायका मागच्या दाराने आल्या, आता पुढच्या दाराने येतील का, याचीच धाकधूक आहे. गाळ्याचं भाडं तर सुरू झालं. या जुन्या बायका टिकल्या तर दुकान चालेल, नाहीतर मशीन उचलून परत मागच्या खोलीत.

मी धीर दिला. सांगितलं, काळजी करू नकोस, डेकोरेशन माझ्याकडे आहे. ती ताट उचलून उठली. मनावरचं ओझं उतरलं असणार.

६ मार्च, शुक्रवार

कागदाचा प्रश्न. वर्तमानपत्र खळीने विरघळतं. वह्यांची पानं पंख्याने फाटतात. कार्डशीट विकत घेणं म्हणजे मेहुण्यापुढे नाक घासणं.

७ मार्च, शनिवार

शोधा म्हणजे सापडेल!

माळ्यावर सामानाच्या ढिगात जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं. आत काय? ब्राऊन पेपर! जाडजूड, ताठ, ढीगभर. वेडेवाकडे कापलेले तुकडे, कुठे गोलाई, कुठे खाच, पण त्रिकोण काढायला भरपूर जागा. घरात सोनं पडलेलं असतं आणि माणसं दुकानं धुंडाळतात.

वर चढताना हेही नोंदवतो की स्टुलावर मी तरण्याबांड पोरासारखा चढलो. माझी कंबर लग्नात बत्तीस होती, आजही बत्तीस. माझ्या पँटी हीच शिवते, एकदाही आवळ झालेली नाही. मध्ये एकदा रेडिमेड बत्तीसची घालून पाहिली तर मांडीवरच अडकली. कंपन्या मापात सर्रास चोरी करतात. तेव्हापासून रेडिमेड बंद.

८ मार्च, रविवार

कागदांवर निळ्या जाड पेन्सिलीने काहीबाही खरडलंय. 'घाई. सां. ३४. ख. ४०.' 'टीचर थोरली. सां. ३६. ख. ४४.' 'पर्स.' 'गळा पडका.' प्रत्येक कागदावर असंच एक टोपणनाव आणि दोन दोन आकडे.

खरेदी विभागाचा माणूस असल्यामुळे मला क्षणात उलगडा झाला. सां. म्हणजे सांगायचा आकडा, ख. म्हणजे खरा. हे कुठल्यातरी लबाड व्यापाऱ्याचे हिशोब आहेत. आधीच्या भाडेकरूचे असणार. बरं झालं, पुरावा नष्ट होतोय.

लिहिलेला भाग सगळ्यात ताठ आहे, तिथे कागदावर कागद चिकटवलाय. म्हणून प्रत्येक त्रिकोण बरोबर तिथूनच कापतो. मजकूर मागे, रंगीत बाजू पुढे. मागची बाजू कोण बघतो?

१० मार्च, मंगळवार

सगळं कापून झालं. उरलेल्या कागदाच्या कपच्या करून सुतळीला झालर लावली. वेस्टेज शून्य. ऑफिसात असतो तर बक्षीस मिळालं असतं.

खळीच्या बादलीला मुंग्या. काही पताकांवर चिकटल्या. लांबून नक्षी वाटते.

११ मार्च, बुधवार

ही दिवसभर काहीतरी शोधत होती. मला विचारलं, माळ्यावरची चादर पाहिलीत का. मी म्हटलं, चादर धुवायला टाकली, फार मळली होती. विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, हा माझा कमी बोलण्याचा संकल्प. मग ती म्हणाली, म्हणजे आतलं सगळं भावाने टेम्पोतून गाळ्यावर नेलं वाटतं. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, नेलं असेल, खोकी अजून फोडलेली नाहीत.

बघा. याला म्हणतात निष्काळजीपणा. काय आणलं, काय नाही, साधी नोंद नाही. मला हिची कीव आली.

१४ मार्च, शनिवार

माळा तयार. लेक पाहायला आली. जरा वेळ बघून म्हणाली, बाबा, लांबून बरं दिसतंय. नंतर म्हणाली, आणखी लांबून.

हिच्या डोळ्याला पाणी येईल उद्या. लिहून ठेवतो.

१५ मार्च, रविवार. सकाळी

ऐतिहासिक दिवस. हिला केक आणायला पाठवून गाळ्यावर स्वतः माळा लावल्या. नवीन शर्ट. हिने शिवलेली पँट. बत्तीस.

१५ मार्च. दुपारी

लिहायची इच्छा नाही.

१६ मार्च, सोमवार

काल जे झालं ते वस्तुनिष्ठपणे लिहितो. चूक पंख्याची आहे.

गाळा बायकांनी भरला होता. सरबत फिरत होतं. माळा दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत. ही आत आली, वर पाहिलं, म्हणाली, बरं झालंय की. खरंच म्हणाली. एका बाईंनी विचारलं, हे कुणी केलं. मी नम्रपणे पुढे झालो. आणि त्या नम्रतेच्या भरात वाटलं, पताका कशा फडफडायला हव्यात. पंखा पाचवर केला.

पताका उलटल्या. सगळ्या. एकदम.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक बाई मान वर करून मोठ्याने वाचायला लागल्या. घाई, सां. चौतीस, ख. चाळीस. अख्ख्या गाळ्याने बँकेतल्या मॅडमकडे पाहिलं, कारण कापड हातात देतानाच झालं का म्हणून विचारणारी बाई गावात एकच. मॅडम लालबुंद. तेवढ्यात शाळेतल्या मोठ्या बाईंना आपल्या डोक्यावर 'टीचर थोरली, ख. चव्वेचाळीस' दिसलं. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. बायका स्टुलावर चढून आपापली पताका ओरबाडत होत्या. चुकून दुसरीची हाताला लागली तर वाचून मगच देत होत्या. मी पंखा बंद करायला धावलो तर घाईत दिवे बंद झाले. पंखा चालूच.

ही सरबताचा ट्रे धरून उभी होती. ओरडली नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, हे माझे पॅटर्न आहेत. या कागदांवर ठेवून मी कापड कापते. एकेका बाईचं अंग समजायला वर्षं गेली माझी. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला पोट लपवायचंय, सगळं त्यात होतं. बाई सांगते तो आकडा वेगळा आणि खरा वेगळा. सांगितलेला मान्य करायचा, शिवायचं खऱ्यावर, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. माझा सगळा धंदा एवढाच होता. मागच्या खोलीच्या भिंतीवर सगळे टांगलेले होते, गाळ्यावर न्यायचे म्हणून उतरवून माळ्यावर बांधून ठेवले. तुम्ही कधीच पाहिले नाहीत?

मागच्या खोलीत शेवटचा कधी गेलो ते आठवेना. मशीनचा आवाज होतो म्हणून दार ओढून घ्यायचो, एवढं आठवलं.

बँकेतल्या मॅडमनी पताका पर्समध्ये कोंबली आणि तरातरा निघाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. इतर बायका पर्सा गोळा करू लागल्या. हिने ट्रे खाली ठेवला. दुकान उघडून तास झाला नव्हता आणि माझ्या डोळ्यांदेखत बंद पडत होतं. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, पण वाटलं.

आणि तेवढ्यात दारापाशी मेहुणा. मान वर, बोट वर, आवाज नेहमीसारखा. म्हणाला, हे 'राजे' कोण? सां. बत्तीस. ख. बत्तीस खोडून चौतीस. चौतीस खोडून छत्तीस. छत्तीस खोडून अडतीस. थांबा, वर अजून एक कागद चिकटवलाय. चाळीस. खोडलं. बेचाळीस. खाली लिहिलंय, यांना सांगायचं नाही, मनाला लावून घेतात.

गाळ्यातल्या सगळ्या नजरा माझ्या पोटावर. मी पोट आत घेतलं. तेच चुकलं.

टीचर थोरली पहिल्या हसल्या. मग कुणीच थांबेना. फुटपाथवर गेलेल्या बँकेतल्या मॅडम काय झालं म्हणून परत आल्या, पताका वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना टेकायला खुर्ची लागली. डोळे पुसत त्यांनी हिला विचारलं, अगं, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाहीस? ही म्हणाली, आकडा माझ्या तोंडून कधी गेला नाही मॅडम, जाणारही नाही. आज गेला तो या अतिशहाण्यामुळे. मॅडम म्हणाल्या, मग टेप आण, आणि या गृहस्थांना बाहेर काढ.

मला बाहेर काढलं.

१७ मार्च, मंगळवार

अबोला. मीही बोलत नाही, म्हणजे दुसरा संकल्प पाळला जातोय.

१८ मार्च, बुधवार

हिला सगळ्यांची मापं नव्याने घ्यावी लागतायत. ज्या त्या बाईला आपली नोंद आपल्यासमोर लिहून हवी आहे, म्हणून गर्दी आहे. खरं तर हे माझंच मार्केटिंग. बोलून दाखवलं नाही. मला काम दिलंय, दुकानाबाहेर स्टुलावर बसायचं आणि रस्त्याकडे तोंड करून नव्या ब्राऊन पेपरवर खळीने पट्ट्या चिकटवायच्या. खळ चांगली झालीय असं ही म्हणाली नाही, पण वापरते आहे. बायका आत जाताना मला राजे म्हणतात.

२० मार्च, शुक्रवार

आज मागच्या खोलीत गेलो. भिंतीवर नुसते खिळे. एका खिळ्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, राजे. दाराजवळचाच खिळा होता. बराच वेळ तिथे बसलो. वाईट वाटलं.

घरातल्या टेपने कंबर मोजली. बत्तीस येत नाही. टेप आटली असावी.

२२ मार्च, रविवार

नवी पँट शिवायची म्हणून हिने दुकानात बोलावलं. पडद्याआड उभं केलं, हात वर करायला लावले, टेप फिरवली. मग थांबून राहिली. मीही थांबलो. म्हणाली, श्वास सोडा. इतकी वर्षं मी वाट बघतेय, कधीतरी सोडाल म्हणून.

सोडला. त्रेचाळीस.