पटावरचं नाव

२३ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. स्नेहलला पाठवलं नाही. सकाळी तिची वेणी घातली, मग आतून कडी लावली. तिसरीचं गणित घेतलं, दुपारी मराठीचा एक धडा. एकदाही दाराकडे पाहिलं नाही तिनं. शाळेचं नावही काढलं नाही. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली आहे.

सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "पोरगी हाय का कोंबडी? डालीखाली झाकून ठेवाले!"  माझा हिमांशू, स्नेहलचा दादा, फेब्रुवारीत गेला, तेव्हापासून मी त्यांना उत्तरं देतच नाही.

हे धानाचे पऱ्हे टाकून शेतातल्या बांधीतून आले. एवढंच विचारलं — "कायद्यात चालते का हे?"

माहीत नाही. शोधते.

२४ जून

मोबाईलवर वाचत बसले. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य, असं कायद्यात आहे. नाही घातलं तर शिक्षा काय, ते कुठं दिसलं नाही. घरी शिकवू नका असंही नाही. शिकवा असंही नाही! एकजण लिहितो बेधडक शिकवा, दुसरा लिहितो नोटीस येते. डोकं दुखलं.

दाखला काढावा. नाव कापलं की प्रश्न मिटला.

२७ जून, शुक्रवार

शाळा समितीचे चुन्नीलालभाऊ आले. सोबत चैतराम गुरुजी. गुरुजी अंगणातच थांबले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

चुन्नीलालभाऊ म्हणाले, "अल्का, नाव नको कापू. पट कमी झाला तर शाळाच बंद करतीन. तू घरी शिकव ना खुशाल! गुरुजी हजेरी लावत राहतीन. परीक्षेले आणून बसव, झालं."

गुरुजी हळूच म्हणाले, "नाही भाऊ. खोटी हजेरी मी लावणार नाही."

माझा तोल गेला. "आता सुचलं? फेब्रुवारीत काऊन लावली?"

त्या दिवशी हिमांशू शाळेत गेलाच नव्हता. गरी घेऊन मासे धरायला तलावावर गेला आणि बुडाला. पटावर मात्र हजर. म्हणून कोणी विचारायला आलं नाही, आणि मी दिवसभर निर्धास्त. गुरुजींना नोटीस मिळाली, गावानं नको ते ऐकवलं. चूक माझी आहे — यापलीकडे हा माणूस कधी बोलला नाही.

आजही बोलले नाहीत. जाताना स्नेहलकडे पाहिलं. ती आत पळाली.

मलाच नंतर बरं वाटलं नाही. का वाटू नये? मी खरं तेच बोलले.

३० जून, सोमवार

अर्जुनीला पंचायत समितीत गेले. बसमध्ये उभ्यानंच. शिक्षण विभागात रीता मॅडम म्हणून विस्तार अधिकारी आहेत. गोंदियाच्या, अर्ध्या हिंदीत बोलतात.

"दाखला कौनसी शाळेसाठी पाहिजे, ताई?"

"कुठल्याच नाही."

"मग मी काय लिहू?"

सगळं सांगितलं. हिमांशूचंही. इतकं कोणाजवळ बोलले नव्हते. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

म्हणाल्या, "तुम्हाला कोणी जेलमध्ये नाही टाकत. पण घरी शिकवायची परवानगी म्हणून मी काही देऊ शकत नाही. असा कागदच नाही. पोरगी शाळाबाह्य धरली जाईल. भरती करा म्हणून आमचे लोक येत राहतील. दहा वर्षांची झाली की मुक्त विद्यालयातून पाचवीची परीक्षा आहे." स्नेहल आठची.

मग म्हणाल्या, "घरी येते. देखो, तुमचं ऐकलं, तिचंही ऐकावं लागते."

३ जुलै

स्नेहलला विचारलं, शाळेत जायचं का. मान हलवली — नाही. माझंच बरोबर आहे.

८ जुलै, मंगळवार

मॅडम आल्या.  नेतील का तिला उचलून, असंही वाटून गेलं. वेड्यासारखं.

स्नेहलला समोर बसवलं. वह्या पाहिल्या. पाढे विचारले, तिनं धडाधड म्हटले.

"शाळेत काऊन नाही जात, बेटा? गुरुजी मारतात?"

"नाही."

"तलावाची भीती लागते?"

"नाही." मग वह्या गोळा करता करता — "माझ्यानं हजर म्हणवत नाही."

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लेकरू दुःखात आहे. दिवाळीपर्यंत राहू द्या घरी. मी शाळेशी बोलते, जबरदस्ती कोणी करणार नाही."

जिंकले! चहा केला, सासूबाईंनाही दिला. पण स्नेहलचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

दुपारी भांडी विसळता विसळता तिनं आपणहून सांगितलं. दादा म्हणाला होता — गुरुजी माझं नाव घेतीन तवा तूच हजर म्हण, तुले मासोळ्या देईन. चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. गुरुजी खाली मान घालून नावं घेत होते. ती दोनदा हजर म्हणाली. एकदा त्याचं, एकदा स्वतःचं. संध्याकाळी त्याला बाहेर काढलं तेव्हा तलावाच्या बांधावर, पाळीवर तिनं गुरुजींना सांगून टाकलं. ते म्हणाले, "कोणाजवळ बोलू नको, बाई. चूक माझीच आहे."

तिला जवळ घेतलं. फेब्रुवारीपासून गुरुजींनी तिचं नाव कुठंच येऊ दिलं नाही, आणि मी त्यांना पाणीही विचारलं नव्हतं. सासूबाई तिला घेऊन बुद्ध विहारात वंदनेला गेल्या. मी सूप घेतलं आणि तांदूळ निवडत बसले.