आण्णांची जागा

११ नोव्हेंबर, मंगळ.
कावळा शिवला एकदाचा. आण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दहावा. घाटावर दीड तास उभे सगळे. हे हात जोडून एकेक कबूल करत होते. "आण्णा, प्रांजूला शिकवू." नाही. "वावर इकनार न्हाई." नाही. कावळा कठड्यावर बसून नुसता बघतोय. भटजींची चुळबुळ सुरू झाली. शेवटी हे म्हणाले, "आण्णा, घरातली तुमची जागा कुनाला देनार न्हाई. बास?" तसा सपकन खाली उतरला. मला रडू आवरेना. माझ्याशी कायम वडलांसारखे वागले.

पण घरी येताना डोक्यात एकच. ती जागा तर प्रांजूच्या टेबलासाठी ठरलीय! दहावी आहे पोरीची. आण्णाच म्हणायचे, "मी गेलो की दिवान काढा आन पोरीला टेबल करा." मग आता हे काय?

१५ नोव्हें., शनि.
तेरावा उरकला. आत्याबाई, आण्णांची बहीण, आज नांद्याला परत गेल्या. जाता जाता दारात मला बोलल्याच. "पीठ परातीत पसरत्यात व्हय गं?"
काय करणार? माणूस जिथं गेलं तिथं भुईवर पीठ पसरायचं, सकाळी त्यात पाऊल बघायचं, म्हणजे पुढं कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. मान्य. पण वरच्या तिन्ही खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं. खाली आम्हाला उरलं स्वैपाकघर आणि ही दहा बाय बाराची खोली. त्यात कपाट, गाद्यांची चळत, टीव्ही, दिवाण आणि भेटायला आलेले वीस पावणे. पीठ पसरू कुठं, माझ्या डोक्यावर? हेच म्हणाले, परातीत पसर. परातीत काही उमटलं नाही.
आत्याबाई म्हणतात, "उमटंल कसं? तो हितं गेला, परात चुलीपाशी."

१७ नोव्हें., सोम.
दिवाण गोठ्यात गेला. पौडचा सुतार येऊन भिंतीला घडीचं टेबल ठोकून गेला. उघडलं की टेबल, मिटलं की भिंत. वर पुस्तकांची फळी, खाली दप्तराला खिळा. यांचं डोकं अशा गोष्टीत भारी चालतं. म्हटलं, आणि घाटावर बोललात ते?
"अगं, ऊन चढलेलं, कावळा शिवंना. बोललो. त्यांच्याच नातीला दिली ना जागा? कुनाला म्हंजी परक्याला."
पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

२१ नोव्हें., शुक्र.
प्रांजू स्टुलाच्या कडेवर बसून लिहिते. अर्धं स्टूल मोकळं. टेबलही अर्धंच वापरते, वह्या सगळ्या उजवीकडं.
"नीट बस की गं, पडशील."
"एवढी जागा बास आहे मला."
ही बोलतेय! जी गादीवर आडवी पडली की आम्ही दोघं फरशीवर यायचो.

२२ नोव्हें., शनि.
टेबलाखाली तांदळाचं पोतं सारून ठेवलं होतं, तेवढीच जागा कामाला येते. सकाळी वीतभर पुढं आलेलं. काल पण आलं होतं, वाटलं प्रांजूचा पाय लागला असेल.
हे म्हणाले, "फरशीला उतार असंल." मीही हट्टाची. तांब्याभर पाणी ओतलं तिथंच. पाणी सरळ भिंतीकडं गेलं.
उतार आत आहे. पोतं बाहेर येतंय.
यांनी पोतं उचलून स्वैपाकघरात नेलं आणि गाडी धुवायला गेले. गाडी कालच धुतली होती.

२६ नोव्हें., बुध.
अंगणवाडीतलं माझं काम उरकून येताना प्रांजूच्या बाई भेटल्या. म्हणे, वर्गात पण बाकाच्या कडेला बसते, शेजारच्या मुलीला सरकवते, मधे जागा सोडते. मुली हसतात.
घरी ताटात अर्धी भाकरी तशीच. चार दिवस बघतेय, बरोबर अर्धी, मोडून कडेला ठेवलेली. गळ्याची हाडं वर आलीत पोरीची. दवाखान्यात नेलं, टॉनिक दिलं. टॉनिक पण अर्धाच चमचा पिते.
फार भीती वाटतेय. लिहायची पण लाज वाटते, पण वाटतेय.

२९ नोव्हें., शनि.
हे गाडी घेऊन कामावर. प्रांजू पौडला क्लासला, दोनची एसटी पकडून गेली, मी स्वतः बसवून दिली. घरात मी एकटी. दाराला आतून कडी घातली. गव्हाचं पीठ चाळून टेबलाखाली भुईवर पसरलं, आत्याबाई सांगत होत्या तसं. का केलं माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.
भांडी घासून आले. अर्धा तास झाला असेल. बाहेर लख्ख ऊन, वरच्या पोरांचं गाणं चाललेलं.
दोन पावलं. भिंतीकडं तोंड करून. येताना नाहीत, जाताना नाहीत, नुसती उभी. मला वाटलं होतं आण्णांची असतील, तर मी पाया पडले असते.
लहान आहेत. उजव्या पावलाची करंगळी उमटलेली नाही. प्रांजूची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे, ती भुईला टेकत नाही.
ओल्या फडक्यानं पुसलं. तीनदा. कुणाला सांगितलं नाही. हे वाचणार नाहीत, यांना माझं अक्षर लागत नाही.

१ डिसेंबर, सोम.
टेबल काढायला लावलं. हे चिडले, "आत्ता तर ठोकलं!" मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पाना घेऊन बसले. गोठ्यातला दिवाण धुऊन आणला, होता तिथं ठेवला, वर आण्णांची घोंगडी. म्हटलं घ्या तुमची जागा.
काही फरक नाही. प्रांजू आता फरशीवर मांडीवर वही घेऊन लिहिते, तिथंही एका बाजूला सरकून.
म्हणाली, "आई, आता कशाला गं? तिथं कोण बसतंय?"
मी विचारलं, मग कुठं बसतात?
हसली नुसती. माझी पोर आहे, तिचं हसू मला कळतं. हे नाही कळलं.

४ डिसें., गुरु.
दुपारी बारा वाजता दिवाणासमोर उभी राहिले. डोक्यावर पदर घेतला, आण्णांसमोर घ्यायचे तसा. मोठ्यानं बोलले. वरच्या पोरांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.
आण्णा, चूक आमची. पीठ परातीत पसरलं, शब्द देऊन मोडला. पण त्या लेकरानं काय केलं? तुम्हीच तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलंत ना? ती वाळत चाललीय. तिला सोडा. जागाच हवी ना तुम्हाला? मग माझ्याकडं या. मी जाडजूड आहे, माझ्यात भरपूर आहे.
शेवटचं बोलताना हसूच आलं मला. त्यांना पण आलं असतं.
काही झालं नाही. कुकरची शिट्टी झाली, वरण उतरवलं.

६ डिसें., शनि.
प्रांजूनं दोन भाकऱ्या खाल्ल्या! वर ठेच्यासाठी भांडली. जेवून दिवाणावर हातपाय पसरून घोरतेय, दप्तर एकीकडं, ओढणी एकीकडं. शिव्या घालाव्यात की मुका घ्यावा? घेतला मुका. "आई, घाम!" म्हणाली आणि ढकललं मला. किती बरं वाटलं त्या ढकलण्यानं.

८ डिसें., सोम.
सगळं ठीक. प्रांजू सराव परीक्षेचे पेपर सोडवतेय, पूर्वीसारखा पसारा घालून. हे म्हणतात टेबल परत ठोकू, दुसऱ्या भिंतीला. ठोका म्हटलं.
सकाळी चहा पिताना हे मधेच थांबले. "तू अशी कडंला का बसलीस?"
"कुठं?"
"पाटावर. निम्मा पाट मोकळा हाय."
बघितलं तर होता. म्हटलं, गुडघा धरलाय, असंच बरं वाटतं. त्यांनी मान हलवली, पण नजर पाटावरच.
मला दुखत काही नाही. भूक कमी झालीय एवढंच, आणि ती कमी झालेली बरीच. प्रांजूला कळू द्यायचं नाही, परीक्षा होईपर्यंत तरी नाही.
आत्ता मागची पानं चाळली. चार तारखेपासून प्रत्येक उजवं पान कोरं सोडलंय मी. मला आठवत नाही. या पानावर तरी पलीकडं लिहावं म्हणून पेन नेलं, पण हात मागं आला. राहू दे. मला एवढी जागा बास आहे.