फॉर्मबरहुकूम म्हातारी

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
सरकारी तपासणी पथक दोन आठवड्यांनी येणार. बॉस हॉलरॉइड म्हणाले की, अग्निशमन दलाच्या आगप्रतिबंध विभागाची कामगिरी 'समाधानकारक' ठरली नाही तर विभाग तिथल्याच कर्मचारी जॅनिसकडे आणि डेस्मंड थ्रेलफॉल परत बंबावर. डेस्मंड थ्रेलफॉल म्हणजे मी. वय चोपन्न, डावा गुडघा गेलेला. बंबावर जाणार नाही.
संकल्प : वर्षाच्या पाचशे गृहभेटी पंधरा दिवसांत पुऱ्या करणे. झाल्या तीनशे बारा. घरोघरी जाऊन धुराचे अलार्म लावण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही.
ही पथकं आधी गुपचूप आपली माणसं पेरतात. हे कोणी सांगितलं नाही. माझं मला कळलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार
कॅनल स्ट्रीटवरून मिसेस ऑर्मरॉड यांचा फोन. म्हणाल्या, बाळा, माझ्याकडे अलार्म लावायला येतोस का? वय सत्त्याऐंशी. एकट्या. सिगारेट ओढतात. बटाट्याचे काप तळायला टाकून खुर्चीत डुलकी काढतात. विजेचं ब्लँकेट नवऱ्याच्या वेळचं, आणि नवरा जाऊन एकवीस वर्षं झाली.
आमच्या जोखमीच्या फॉर्मवरची एकूण एक चौकट भरते. अशी बाई निसर्गात सापडत नाही. शिवाय स्वतःहून फोन? माझ्या नोकरीत लोकांनी दार लावून घेतलंय, पडद्यामागे लपलेत. 'या' कोणी म्हटलेलं नाही.
पथकाची पेरलेली बाई. गोड बोलून 'येतो' म्हटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
ऑर्मरॉडबाईंचा परत फोन. जॅनिस म्हणाली, आजच जा. तिला एवढी घाई का? जॅनिस जेवणाच्या सुट्टीत गाडीत एकटी बसते. मी गाडीमागून वाकून गेलो. रेडिओवर नाटक ऐकत होती. निदान तसं दाखवत होती.
गुडघा दुखतोय.

११ नोव्हेंबर, सोमवार
गृहभेटी ३८८! बायकोच्या बोलिंग क्लबातली सगळी घरं केली. सगळ्यांकडे अलार्म आधीपासून होते, त्यामुळे काम झटपट. केक बरा होता. मेहुणी पॉलीनकडे चौथ्यांदा गेलो. ती म्हणाली, भाऊजी, आता घरात माणसांपेक्षा अलार्म जास्त झालेत. मी म्हणालो, सुरक्षिततेत जास्त असं काही नसतं. हे वाक्य पथकासमोर वापरणे.

१३ नोव्हेंबर, बुधवार
ऑर्मरॉड, फोन सहावा. सापळा टाकला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या दलाचं मूल्यमापन तुम्ही कसं कराल? म्हणाल्या, मी कुठली करतेय बाळा, माझंच करायला मंगळवारी डॉक्टर येतो.
कसलेली बाई आहे.
दुपारी त्यांच्या घरावरून गाडी हळू नेली. पडदा हलला. त्यांनी हात हलवला. प्रशिक्षण दिसून येतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
योजना पक्की. ऑर्मरॉडबाईंकडे जायचं ते तपासणी चालू असताना, बुधवारी, पूर्ण गणवेशात, बॉस आणि फोटोवाला बरोबर घेऊन. ज्यांनी सापळा लावला त्यांनाच फोटोत उभं करायचं. बाईंना तसं कळवलं. हिरमुसल्या. म्हणाल्या, आणखी पाच दिवस?
जॅनिस म्हणाली, डेस्मंड, ती म्हातारी आहे, परीक्षा नाही. तिनं स्वतःच जायला जीपच्या चाव्या मागितल्या, तर मी अलार्मचं कपाट कुलूपबंद केलं. तिचं वाक्य तारखेनिशी टिपून ठेवलं.
गृहभेटी ४९७. आमचं घर, गॅरेज आणि बागेतली शेड वेगळी धरली. पाचशे!

१८ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४
पथक आलं. दोघं. त्यातल्या बाईनं विचारलं, या पाचशेपैकी किती घरांत आधी अलार्म नव्हता? प्रश्न उत्तम आहे, असं मी म्हणालो.
तेवढ्यात ११.४० ला आगीची वर्दी. कॅनल स्ट्रीट, तळणाच्या भांड्यानं पेट घेतला. बंब सुटला. मी आणि पथक जीपमधून मागे. पोचायला सहा मिनिटं पन्नास सेकंद. आमचं उद्दिष्ट आठचं. कामगिरी देदीप्यमान.
पत्ता वाचला तेव्हा मनात आलं, तपासणीसाठी ही माणसं खरी आग लावायलाही कमी करत नाहीत.
स्वयंपाकघर काळं. धूर पोस्टमनला दिसला म्हणून बाई बाहेर. तो म्हणाला, खुर्चीतच झोपल्या होत्या, हलवून उठवलं. त्या पायरीवर घोंगडीत बसून पथकाच्या बाईला सांगत होत्या, नऊ वेळा फोन केला हो मी. मुलगा आवाजानं गोड आहे. येतो म्हणतो.
त्यांच्या हातातला चहा सगळा बशीत सांडला होता. इतकं थरथरणं कोणी शिकवत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार
ठरल्या दिवशी गेलो. फोटोवाला नाही, बॉस नाही. दोन अलार्म, शिडी आणि मी. सकाळी टेबलावर बॉसचं पाकीट होतं. ते उघडलं नव्हतं. सहा मिनिटं पन्नास सेकंदांबद्दल कौतुक असणार, सावकाश वाचू म्हटलं.
बाईंनी दारातल्या टपालाच्या फटीतून विचारलं, कोण? मी ओळखपत्र दाखवलं. म्हणाल्या, बाळा, हे कोणीही छापतं. परवा तुमच्याच लोकांनी पत्रक दिलंय. दारात आलेल्या माणसाबद्दल आधी स्टेशनला फोन करून खात्री करा, मगच आत घ्या.
पत्रक मी लिहिलेलं. करा म्हटलं, अवश्य करा.
पावसात अकरा मिनिटं. मग फट उघडली. म्हणाल्या, जॅनिस म्हणून मुलगी आहे फोनवर. ती म्हणते, या नावाचा माणूस आज सकाळपासून प्रतिबंध विभागात नाही, त्याची बदली बंबावर झालीय. ती स्वतः निघालीय. तू फाटकाबाहेर उभा राहा.
उभा राहिलो. जॅनिस नऊ मिनिटांत आली. माझ्या हातातून अलार्म घेतले, मग शिडी घेतली. तिच्यासाठी दार लगेच उघडलं.
थोड्या वेळानं आतून दोन्ही अलार्म एकामागून एक वाजले. रस्त्यापर्यंत ऐकू येतात.